‘शंभर वर्षांचा पूर येऊन गेला’ म्हणणाऱ्या चिपळूणकरांसाठी

मृग नक्षत्र जवळ आलं की एक लांबलचक निरोप चिपळूणच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: २०२१ ला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत तसं पाणी नाही. वाशिष्ठी नदीकाठी आखलेली निळी आणि लाल पूररेषा म्हणजे लोकांना बाजारपेठेतून उठवायचा डाव. रेषेबाहेर घर असेल तर बिनघोर झोपा. पूर धरणाच्या पाण्यामुळे येतो, तेव्हा नकाशे आणि विमा दोन्ही फुकट. कंपन्या दमडी देत नाहीत, सरकार मात्र देतंच.

यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर निरोप खपतो. एकेक घेऊ.

‘शंभर वर्षांचा पूर होऊन गेला.’ लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, हे बरोबर. पण त्याचा अर्थ एवढाच, की तितकं पाणी कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का आहे. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीचा टक्का कमी होत नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा नदीपात्राच्या क्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यातलं जे जास्त त्याची. २५ वर्षांचा हिशेब धरला तर दर वर्षी ४ टक्के. हे आकडे किरकोळ वाटतात, कारण आपण एकाच वर्षाचा विचार करतो. घराचं कर्ज २० वर्षांचं असतं. तेवढ्या काळात निळ्या रेषेवरच्या घरात निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, लाल रेषेवरच्या घरात सुमारे १८ टक्के. रेषेच्या आत, नदीकडे सरकाल तशी ती वाढत जाते. गणित नकोच असेल तर चिपळुणातल्या दोन मोठ्या पुरांच्या तारखा आठवा: २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१. मध्ये गेली फक्त १६ वर्षं.

‘रेषा हा उठवायचा डाव आहे.’ इथे लोकांचा राग मला समजतो. बाजारपेठेचा मोठा भाग रेषांमध्ये सापडला की पुनर्विकास अडतो, जागेला गिऱ्हाईक मिळत नाही. पात्रात साचलेला गाळ तसाच ठेवून रेषा तेवढी लोकांच्या दारात आणून ठेवली, ही तक्रारही रास्त होती. गाळासाठी चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. गाळ निघाल्यावर रेषा नव्याने तपासा, ही मागणी जरूर लावून धरावी. पण नियम काय आहे तेही सांगायला हवं. नदी आणि निळी रेषा यांच्यामधलं क्षेत्र निषिद्ध. तिथे बगिचा, मैदान, शेती अशा मोकळ्या वापरालाच मुभा. निळ्या आणि लाल रेषेमधलं नियंत्रित. तिथे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घेण्यासारख्या अटींवर बांधकाम होतं. रीतसर परवानगीने उभं असलेलं घर केवळ रेषा आखली म्हणून बेकायदा ठरत नाही.

याच वाक्याला जोडून काही जण सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा फिरवतात आणि ‘आपण यात नाही’ म्हणून मोकळे होतात. तो नकाशा समुद्र आणि खाडीच्या भरती रेषेवरून किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम ठरवतो. वाशिष्ठीचं पाणी दुकानात किती चढेल, हे त्याच्यात शोधू नये.

‘रेषेबाहेर म्हणजे सुरक्षित.’ निरोपातलं सगळ्यांत धोक्याचं वाक्य हेच. रेषा नदीच्या विसर्गाच्या हिशेबावर आखतात. गल्लीतलं गटार तुंबून, वहाळाचं पाणी मागे फिरून घरात आलं तर ते त्या हिशेबात नसतं. त्यात आपली नदी खाडीला मिळणारी, भरतीचा जोर वर चिपळूणलगतच्या गोवळकोटपर्यंत जाणवतो. भरतीच्या वेळी डोंगरातलं पाणी उतरलं की त्याला पुढे जायला वाट राहत नाही. २०२१ चा पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीपासून लांब राहणाऱ्यांच्याही घरात पाणी होतं. रेषेपलीकडे शक्यता घटते, संपत नाही. आणि विम्याचा हप्ता तिथे फारसा जड नसतो.

‘धरणाने पूर येतो, मग विमा कशाला?’ कोयनेची वीज तयार झाल्यावर खाली आलेलं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी, कधी, किती सोडलं याचा जाब विचारायलाच हवा. पण तो विषय वेगळा. पॉलिसीत ‘पूर आणि जलमय होणे’ असं लिहिलेलं असतं. पाणी ढगातून आलं की बोगद्यातून, याने दाव्यात फरक पडत नाही.

आता मुख्य मुद्दा, ‘कंपन्या दमडी देत नाहीत’. दावे अडतात, कापलेही जातात, नाकारून उपयोग नाही. पण का, ते पाहा.

व्यापाऱ्याची पॉलिसी बऱ्याचदा बँकेने काढलेली असते, कॅश क्रेडिटच्या, म्हणजे धंद्यासाठी दिलेल्या कर्जाच्या, रकमेएवढी. दुकानात माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा. पुरात १० लाखांचा माल गेला तर मालक म्हणतो, २० लाखांच्या आतलंच नुकसान आहे, पूर्ण द्या. कंपनी म्हणते, निम्म्याच मालाचा विमा होता, म्हणून निम्मे, ५ लाख. ही लबाडी नाही, पॉलिसीतली सरासरीची अट आहे. दुसरं, पॉलिसीवर पत्ता दुकानाचा आणि माल भिजला मागच्या गोदामात. तिसरं, पूर्वीच्या अग्निविमा पॉलिसीतून वादळ-पुराचं कलम वगळून हप्ता कमी करता यायचा. कित्येकांनी तो वाचवला आणि विसरून गेले.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेल्या तीन पॉलिसी आल्या: घरासाठी भारत गृह रक्षा, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. तिन्हींत पूर मुळातच धरलेला आहे, दरडही. गृह रक्षेत ती सरासरीची कात्री लागत नाही. सूक्ष्ममध्ये १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर माफ. घराचा विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा असतो, जागेच्या भावाचा नाही, त्यामुळे हप्ता लोक समजतात त्याहून बराच कमी बसतो. घरासोबत सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कवच आपोआप मिळतं. रोकड मात्र त्यात नाही, आणि दागिन्यांसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं.

पाणी ओसरल्यावरची घाईही नडते. चिखलाने माखलेल्या साड्यांचे गठ्ठे, फुगलेल्या वह्या, गोडेतेलाचे डबे, सगळं सकाळीच रस्त्यावर फेकलं जातं आणि दुपारपर्यंत नगरपालिकेची गाडी उचलून नेते. नुकसान मोजणारा विम्याचा सर्व्हेअर येतो तेव्हा दुकान धुऊन लख्ख. त्याने मोजायचं काय? आधी कंपनीला कळवा, भिंतीवरची चिखलाची रेघ टेप लावून फोटोत घ्या, मालाच्या ढिगाचे फोटो काढा, मग फेका. स्टॉकची वही वाहून गेली असेल तरी जीएसटीची विवरणपत्रं पोर्टलवर असतात, खरेदीची बिलं घाऊक व्यापाऱ्याकडून पुन्हा मिळतात. बुडालेली गाडी ‘बघू तरी’ म्हणून चालू करू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की त्या बिघाडाचा खर्च साध्या पॉलिसीत बसवताना वाद होतो. इंजिनाचं कवच जादा घ्यावं लागतं. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीच मिळत नाही.

राहिलं ‘सरकार देतंच’. देतं. २०२१ च्या पॅकेजमध्ये दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार होते, टपरीवाल्याला १० हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. ४० लाखांच्या मालाचा मघाचा व्यापारी यातून काय उभं करणार, ते निरोप पुढे ढकलणाऱ्याने सांगावं. तोवर आपली पॉलिसी कपाटातून काढून तीन गोष्टी बघून घ्या: पत्ता कुठला आहे, रक्कम किती आहे आणि मुदत जुलैच्या आधीच संपत नाही ना.