"ह्यात तर काहीच नाहीये" म्हणणाऱ्यांसाठी जरा लांब उत्तर

"एवढे पैसे दिलेस आणि ह्यात तारीख पण नाही?" हे माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून मला लग्नकार्यात विचारून झालंय, ऑफिसात विचारून झालंय, इंदूरच्या छप्पन दुकानावर पोहे खाता खाता पण विचारून झालंय. उभ्या उभ्या ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज नीट बसून लिहितेय, पोस्ट मोठी होणार आहे.

घड्याळ आहे जर्मनीचं, नोमोस कंपनीचं टॅन्जेन्ट, ३५ मिलिमीटरचं, चावीचं. सेल नाही, ऑटोमॅटिक नाही, चावी भरली तर चालणार नाहीतर बंद. चंदेरीकडे झुकणारी पांढरी डायल, निळे बारीक काटे, १२, २, ४, ८, १० एवढेच आकडे, मधल्या तासांना नुसत्या रेघा, आणि सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ. बस. खडे नाहीत, सोनेरी कडा नाही, तारखेची खिडकी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे "काहीच नाही" करणं सगळ्यात अवघड काम आहे आणि पैसे त्याचेच आहेत. भरगच्च डायलवर एखादी रेघ जाड झाली, आकडा जरा सरकला तर कोणाच्या बापाला कळत नाही, नजर दुसरीकडेच कुठेतरी अडकलेली असते. इथे लपायला जागाच नाही. रेघ केसभर जाड झाली असती तर अख्खं घड्याळ ओबडधोबड दिसलं असतं. तुम्ही जरा भिंग घेऊन बघा, तो २ आणि ती रेघ एकाच हाताने काढल्यासारखे वाटतात, आकड्यांची लाइन आणि काट्यांची जाडी एकमेकांना धरून आहे, आणि पट्टा जिथे अडकतो ते पाय लांब, सरळ आणि मग एकदम कोनात खाली वळलेले. कड अगदी बारीक ठेवलीय त्यामुळे ३५ चं घड्याळ हातावर ३५ चं वाटत नाही, मोठं दिसतं. आपल्याकडे दुकानात गेलं की बायकांना बांगडीसारखं खड्यांचं काहीतरी दाखवतात आणि पुरुषांना ४२-४४ मिलिमीटरचा गोळा, आणि हे लेडीज की जेंट्स असं मला ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगते की हे घड्याळ आहे, माझ्या हातावर आहे, माझ्या भावाच्या हातावर पण तेवढंच शोभतं.

आता मागची बाजू. माझ्याकडे काचेच्या पाठीचं मॉडेल आहे, आत अल्फा नावाचं मशीन, १७ ज्वेल्सचं (म्हणजे चाकं घासू नयेत म्हणून आत बसवलेले छोटे खडे), तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. मशीनचा तीन चतुर्थांश भाग एकाच मोठ्या प्लेटखाली झाकलेला असतो, ही घड्याळ जिथे बनतं त्या गावाची जुनी पद्धत आहे, आणि स्क्रू निळे. पूर्ण चावी भरली की साधारण ४३ तास चालतं, म्हणजे शनिवारी सकाळी भरली आणि रविवारी राहून गेली तर सोमवारी पहाटे ते थांबलेलं असणार. आणि हो, अचूकतेचं म्हणाल तर पाचशे रुपयांचं सेलचं घड्याळ ह्याच्यापेक्षा अचूक असतं, ह्यात वादच नाही, क्वार्ट्झचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्याशी स्प्रिंगचं घड्याळ काय स्पर्धा करणार. फक्त वेळ बघायची असेल तर हे घेऊच नका, मोबाइल आहे ना. मला त्यात आवडतं ते हे की ते चालतं ते मी सकाळी दिलेल्या पिळावर, आणि तो पीळ सुटत सुटत चाकांतून पुढे जाऊन काट्यापर्यंत कसा पोचतो ते मला पाठीमागून दिसतं. दिवसभर टॅली आणि जीएसटी पोर्टल बघणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ह्याची किंमत फार आहे.

गावाचं नाव ग्लासह्युटे, ड्रेस्डेनजवळ, सॅक्सनीच्या डोंगरात. तिथल्या चांदीच्या खाणी आटल्या, लोक गरिबीत गेले, तेव्हा १८४५ मध्ये फर्डिनांड अडॉल्फ लांगेने सरकारी कर्ज घेऊन तिथल्या पोरांना घड्याळकाम शिकवायला सुरुवात केली, आणि शंभर वर्षांत ते गाव घड्याळांसाठी जगात ओळखलं जायला लागलं. मग ८ मे १९४५ ला, म्हणजे युद्ध संपता संपता, तिथे बॉम्ब पडले, वाचलेली मशीनं रशियन घेऊन गेले, १९५१ ला सगळे कारखाने एकत्र करून सरकारी झाले. बर्लिनची भिंत पडल्यावर जानेवारी १९९० मध्ये रोलांड श्वेर्टनरने नोमोस काढली, १९९२ ला पहिली चार मॉडेल्स आली, सुझान ग्युंथर ह्या बाईंनी डिझाइन केलेली, टॅन्जेन्ट त्यातलंच एक. आकड्यांची ढब १९३० च्या दशकातल्या जर्मन डायल्सवरून आलेली. तीसपेक्षा जास्त वर्षं झाली, चेहरा जवळपास तोच आहे. दर दिवाळीला नवीन मॉडेल, नवीन रंग, नवीन हिरो ह्या बाजारात हे किती मोठं आहे सांगा.

"पण हे आपल्याकडचं नाही, आपल्याला भरजरी आवडतं" असं जे म्हणतात ना त्यांना मी इंदूरच्या माणिकबाग महालात घेऊन जाईन. इंदुरात राहून आपण लालबाग राजवाडा दाखवतो पाहुण्यांना, बकिंगहॅम पॅलेससारखं गेट, झुंबरं, सगळं आहेच तिथे आणि छानच आहे. पण तिथून जवळच माणिकबाग आहे, तिथे आता जीएसटीचं ऑफिस आहे त्यामुळे आम्ही सीए लोक जातो आणि बाकीचं इंदूर जात नाही. आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या ट्रेनिंगला असताना फाइल घेऊन मी पहिल्यांदा गेले तेव्हा महाल म्हणून मी काहीतरी वेगळंच बघायच्या तयारीने गेले होते आणि समोर सरळ रेघांची, नक्षी नसलेली इमारत. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे, वय एकवीस-बावीस, त्यांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या तशाच तरुण जर्मन आर्किटेक्टकडून १९३० च्या सुमारास ती बांधून घ्यायला सुरुवात केली. आतलं फर्निचर आयलीन ग्रे, रुलमान, कोर्ब्युझिए आणि पेरियां अशा त्या काळच्या नामवंत डिझायनरांचं, जे पुढे १९८० ला मोनॅकोत लिलावात गेलं आणि आता जगभर विखुरलंय.

ह्या एकार्टचे वडील हर्मन मुथेसियस. १९०७ मध्ये म्युनिकला वेर्कबुंड नावाची संस्था सुरू झाली, कारखान्यात बनणारी रोजची वस्तू पण चांगली, प्रामाणिक, बिनफालतू असली पाहिजे असं म्हणणारी, त्या संस्थेमागचा हा मोठा माणूस. आणि नोमोस आज त्याच वेर्कबुंडची सभासद आहे. लोक ह्या घड्याळाला पटकन बाउहाउस (जर्मनीतली नावाजलेली डिझाइन शाळा) म्हणून टाकतात, पण बाउहाउस सुरू झालं १९१९ ला, वेर्कबुंड त्याच्या आधीचं. तर जो विचार माझ्या मनगटावर आहे तो इंदुरात नव्वदेक वर्षांपूर्वीच येऊन राहिलाय, आणि एका मराठी राजाने तो स्वतःच्या राहत्या घरासाठी निवडला होता. परका कसा?

सांभाळायचं म्हणाल तर थोडं आहे. पाण्याचं रेटिंग फक्त ३ एटीएम (पाण्याच्या दाबाचं माप), म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी चालतं, पोहणं नाही, रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला तर अजिबात नाही. पट्टा घोड्याच्या कातड्याचा, शिकागोच्या हॉरवीनचा, फार सुंदर जुना होतो, पण मे महिन्यात इंदूरच्या घामात त्याचे हाल करू नयेत, तेव्हा मी नायलॉनचा लावते.

आणि क्लायंट विचारतात मॅडम रिसेल किती, इन्व्हेस्टमेंट म्हणून कसं. सीए म्हणून सांगते, घड्याळाला इन्व्हेस्टमेंट म्हणू नका. लॉकरमध्ये प्लास्टिक न काढता ठेवलेली घड्याळं बघून मला खरंच वाईट वाटतं, ती घालण्यासाठी बनवलीत. ओरखडा पडेल, पडू दे.

आणि हे वाचून लगेच लाख-दोन लाख खर्च करायला जाऊ नका भिया. आधी घरातलं कपाट उघडा, बऱ्याच मराठी घरांत बाबांचं नाहीतर काकांचं एचएमटी जनता पडलेलं असतं, ते पण चावीचं, ते पण १७ ज्वेल्सचं, डायल पण साधीच. कंपनीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं २०१६ ला ठरलं, पण दुरुस्त करणारे हात शहरात अजून आहेत, त्यांना काम द्या. फक्त एक करा, वर्षानुवर्षं बंद असलेल्या घड्याळाला उत्साहाने चावी भरू नका, आतलं तेल सुकलेलं असतं आणि तसंच चालवलं तर चाकांच्या आसांची टोकं झिजतात. आधी उघडून साफ करून घ्या, नवीन तेल घालून घ्या, मग भरा.