इकडे साय, तिकडे तूप

दोन वाईट गोष्टींच्या मधे सापडलेल्या माणसाची मराठीत चांगली सोय आहे. इकडे आड तिकडे विहीर म्हटलं की समोरचा लगेच हळहळतो, चहा विचारतो. पण इकडे साय आणि तिकडे तूप अशी गत झालेल्या माणसासाठी भाषेने काहीच करून ठेवलेलं नाही, उलट सांगायला गेलं की लोक म्हणतात, काय माज आलाय बघा हिला. तर हा माज मी गेल्या मे-जूनमध्ये चांगला सहा आठवडे केला.

झालं असं की मी नाशिकची, एमए समाजशास्त्र, पहिलं वर्ष पुणे विद्यापीठात (सावित्रीबाई फुले हे नाव २०१४ ला मिळालं पण रिक्षावाल्याला अजून "युनिवर्सिटी" एवढंच कळतं). सगळं छान चाललेलं. आणि एका रात्री मेसची भेंडी खाता खाता डोक्यात आलं की दुसरं वर्ष मुंबई विद्यापीठात केलं तर? कारण विचाराल तर तसं काहीच नाही, भेंडी चिकट होती एवढंच.

आता समाजशास्त्राच्या पोरीला मुंबईची ओढ वाटणं साहजिक आहे, देशातला समाजशास्त्राचा पहिला विभाग तिथलाच, १९१९ चा, पॅट्रिक गेडिसने सुरू केलेला आणि मग घुर्ये सरांनी वाढवलेला. हे मी घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "ते सर आत्ता आहेत का तिथे?" घुर्ये गेले १९८३ ला. बाबांचा मुद्दा बिनतोड होता पण मी तो मान्य केला नाही.

मग मी इरावतीबाई काढल्या. म्हटलं बाबा, इरावती कर्वे फर्ग्युसनमधून बीए झाल्या, मग मुंबईला घुर्येंच्या हाताखाली १९२८ ला एमए केलं, बघा, पुण्याहून मुंबईला जायची परंपराच आहे. आई पोळ्या लाटत होती, ती न वळता म्हणाली, "आणि पुढे नोकरी कुठे केली?" डेक्कन कॉलेजला. पुण्यात. म्हणजे एकच बाई दोन्ही पारड्यात. आणि गंमत म्हणजे तेव्हा पुणे विद्यापीठ नव्हतंच, ते झालं १९४९ ला, तोवर फर्ग्युसन मुंबई विद्यापीठाखालीच होतं, म्हणजे इरावतीबाईंना मायग्रेशन सर्टिफिकेटसुद्धा काढावं लागलं नसणार. उगीच नाही त्यांच्या हातून एवढं काम झालं.

शेवटी बाबांनी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला रकाने आखले. वय, मुंबई १८५७, पुणे १९४९, मुंबईला पैकीच्या पैकी. इमारत, तिकडे राजाबाई टॉवर आणि इकडे गव्हर्नरचा जुना बंगला. इथे मुंबईला मार्क देता देता माझ्या लक्षात आलं की टॉवर फोर्टात आणि माझं डिपार्टमेंट कलिन्यात, मधे अख्खं दादर, मग अर्धे मार्क कापले. झाडं, पुणे. विमानं, मुंबई (कलिन्यात डोक्यावरूनच जातात, भावाला तेवढाच मुद्दा पटला). घरापासून अंतर, तर सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसलं की जेवायच्या आत मुंबई, आणि पुण्याला जायचं तर चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एक पेपर लिहून होईल, कारण नाशिक-पुणे थेट रेल्वेचं मी बालवाडीपासून ऐकतेय. बेरीज आली ३७-३७. मी गुपचूप "लायब्ररी" चे मार्क बदलून पाहिले, जयकर लायब्ररीच्या थंडगार फरशीला एक वाढवला, मग मन खाल्लं म्हणून कलिन्याच्या लायब्ररीलाही एक वाढवला. ३८-३८.

नातेवाइकांना विचारू नये हे मला कळायला हवं होतं. डोंबिवलीचे मामा म्हणाले, "मुंबईला ये, राहायला आम्ही आहोत ना," आणि मागून मामी भांडी जरा जोरात ठेवायला लागली. कोथरूडची आत्या म्हणाली, "पुणं सोडून मुंबईला? शिकायला?" त्या "शिकायला" वर तिने जो जोर दिला तो लिहून दाखवता येत नाही. रूममेट म्हणाली नाणं टाक. टाकलं, ते कपाटाखाली गेलं, आणि कपाट काही आम्हा दोघींना हललं नाही.

बरं, कागदं तर वेगळीच. नव्या शैक्षणिक धोरणात क्रेडिट बँक आहे, एबीसी, बारा आकडी आयडी, पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट त्यात जमा, वाटलं यूपीआयसारखं इकडून तिकडे पाठवायचं आणि टिंग वाजणार. पण तिकडचे पेपर इकडच्याशी जुळायला हवेत, सीट रिकामी हवी, टीसी हवी, मायग्रेशन हवं, एलिजिबिलिटी हवी, आणि प्रत्येक कागदाला आधी दुसरा कागद हवा. तरी मी दोन्ही सेमचे सिलॅबस छापून हायलायटरने जुळवत बसले, पत्रिका जुळवतात तसं. तिथेही गुण बरे आले, मंगळ नव्हता, म्हणजे नकार द्यायला तेवढंही कारण नाही!

शेवटच्या दिवशी सगळं घेऊन टीसीच्या खिडकीवर गेले. फॉर्मवर एकच ओळ होती, सोडण्याचे कारण. मी पेन धरून उभी. आतले काका म्हणाले, "इथे काय कमी आहे?" म्हटलं काही नाही. "तिथे काय जास्त आहे?" म्हटलं तसं काही नाही. ते म्हणाले, "मग जेवून या, आता सुट्टी होईल."

अनिकेत कँटीनला जाऊन वडापाव आणि दोन चहा घेतले, तिसरा मागवणार होते पण मग रात्रभर परत विचार झाला असता. खिडकीवर आले तर चौघांची लाइन झाली होती. माझा नंबर आला तेव्हा मागच्या मुलाला म्हटलं, तू जा पुढे, मला जरा वेळ लागेल. मग त्याच्या मागच्या ताईंना. मग एका पीएचडीवाल्याला, तो बिचारा थँक्यू म्हणून स्वतःच्या गाईडबद्दल दहा मिनिटं बोलत राहिला. शेवटी मागे कोणी उरलंच नाही आणि काका म्हणाले, "बोला."

मी म्हटलं, "काका, बोनाफाईड मिळेल का? दुसऱ्या वर्षाच्या होस्टेलच्या फॉर्मला लागतं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याच्या अर्जाला फोटो लागेल. आणलाय?"

एकच होता, तो मुंबईच्या फॉर्मवर चिकटवलेला. नखाने हळूहळू सोलून काढला. निघाला, फक्त उजवा कान तिकडेच राहिला.