ठाण्यात सहा महिने की वर्गात तीन वर्षं?

प्रवेशाचे दिवस आले की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. कधी कुणा निवृत्त अधिकाऱ्याच्या नावाने, कधी निनावी. मजकूर साधारण असा: ‘मुलांनो, क्रिमिनॉलॉजीच्या नादी लागू नका. सीरियल किलरच्या गोष्टी ऐकायला तीन वर्षं कशाला घालवायची? पोलीस ठाण्यात सहा महिने बसा, जास्त कळेल. हे प्राध्यापक गुन्हेगारांचीच कड घेतात. आणि एवढं करून नोकरी कुठे आहे?’ मी हा विषय, म्हणजे गुन्हेगारीचा शास्त्रीय अभ्यास, आधी शिकलो आणि आता शिकवतो, त्यामुळे नातेवाइकांच्या ग्रुपवर तो पडला की सगळे माझ्याकडे बघतात. एकदाच काय ते लिहून टाकतो.

सीरियल किलरचं आधी उरकतो. ही समजूत एकट्या मेसेजवाल्याची नाही, पहिल्या दिवशी वर्गात येणाऱ्या बऱ्याच मुलांचीही असते, आणि त्यांचा हिरमोड ठरलेला. असे खुनी इतके विरळ की त्यांच्यावरून गुन्ह्याबद्दल सर्वसाधारण असं फारसं काही सांगता येत नाही. उलट एडविन सदरलँड यांनी 1939 साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञांपुढे अध्यक्षीय भाषण केलं, ते कोटबूटवाल्या प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांवर. ‘व्हाइट कॉलर क्राइम’ हा शब्द तिथूनच रुळला. पुढे 1949 मध्ये त्यांनी 70 मोठ्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा हिशेब पुस्तकात मांडला, तेव्हा खटल्यांच्या भीतीने कंपन्यांची नावं गाळून तो छापावा लागला. नावांसकट ते पुस्तक यायला 1983 उजाडलं. सीरियल किलरपेक्षा ही गोष्ट मला कितीतरी जास्त थरारक वाटते, पण तिच्यावर वेब सिरीज कोण काढणार?

आता खरा मुद्दा, ठाण्यातले सहा महिने. अनुभवाला कमी लेखायचं नाहीये. पंचनामा कसा होतो, घाबरलेला साक्षीदार कसा बोलतो, हे वर्गात कळत नाही. पण ठाण्यात कोण दिसतं? जो तक्रार घेऊन येतो तो, आणि जो सापडतो तो. बाकीचे?

दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. नाव लिहायचं नाही. वर्षभरात तुमची वस्तू चोरीला गेली का, कुणी धमकावलं का, ऑनलाइन फसवलं का? आणि खाली एकच ओळ: तक्रार दिली का? चिठ्ठ्या टेबलावर उलगडायला लागलो की वरच्या भागात ‘हो’ मागून ‘हो’ निघतात आणि खालच्या ओळीत ‘नाही’. कारणंही लिहिलेली असतात: ‘काय उपयोग’, ‘घरी कळलं असतं’, ‘ओळखीचाच होता’. नोंदीत न आलेल्या या गुन्ह्यांना आमच्याकडे ‘डार्क फिगर’ म्हणतात. तो अंदाजाने का होईना मोजता यावा म्हणून अमेरिकेत 1973 पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये 1982 पासून थेट लोकांना विचारणारी पीडित-सर्वेक्षणं चालतात. नोंदलेले गुन्हे वाढले याचा अर्थ गुन्हे वाढले असाही असतो आणि लोकांचा तक्रार द्यायचा धीर वाढला असाही. ठाण्यातल्या खुर्चीवरून हे दोन वेगळे काढता येत नाहीत.

शिवाय अनुभव ठामपणे चुकतो. गस्तीचंच घ्या. गाड्या फिरत राहिल्या की चोर दबून राहतात, हे कुठल्याही अनुभवी अधिकाऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी 1972-73 मध्ये हे तपासून पाहिलं. 15 बीट, म्हणजे गस्तीचे ठरलेले भाग, घेतल्या. पाच बीटमध्ये नेहमीची गस्त बंद, कॉल आला तरच गाडी जायची. पाचमध्ये गस्त दुप्पट-तिप्पट. पाच होत्या तशाच. वर्षभराने पाहिलं तर गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाही, लोकांच्या भीतीतही नाही. गस्त वाढली की थांबली, हेसुद्धा बहुतेकांच्या लक्षात आलं नव्हतं!

म्हणजे पोलीस निरुपयोगी का? अजिबात नाही, आणि अर्धवट वाचणारे इथेच घसरतात. 1989 मध्ये अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या कॉलची छाननी प्रसिद्ध झाली, तेव्हा निम्मे कॉल शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून येतात असं दिसलं. मग तिथेच, नेमक्या अशा ठिकाणी गस्त वाढवून पाहिली, आणि तिचा परिणाम दिसला. प्रश्न गस्त हवी की नको हा नव्हताच, ती कुठे हवी हा होता. हे कळायला नकाशा लागतो, आकडे लागतात आणि तुलनेसाठी गस्त न वाढवलेली ठिकाणंही लागतात.

दुसरं उदाहरण मला जास्त बोचतं, कारण त्यात हेतू चांगला होता. वाट चुकत चाललेल्या पोरांना तुरुंगात न्यायचं, जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांच्या तोंडावर ओरडायचं, आत काय होतं ते ऐकवायचं. पोरं हादरायची, काही रडायची. पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, आता ही सुधारली. हा प्रकार 1970 च्या दशकात अमेरिकेत फार गाजला. पुढे चिठ्ठ्या टाकून अर्धी मुलं पाठवायची आणि अर्धी नाही, अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलंच नंतर जास्त गुन्हे करताना आढळली. तिथल्या शिपायाने पोरांचे पांढरेफटक चेहरे पाहिले होते. दोन वर्षांनी ती कुठे आहेत हे त्याला दिसणार नव्हतं. आमच्या विषयात ते दोन वर्षांनंतरचं बघतात.

तिसरं जरा गमतीचं. पश्चिम जर्मनीत हेल्मेटसक्ती आधीपासून होती, 1980 मध्ये विनाहेल्मेटवाल्याला जागच्या जागी दंड सुरू झाला. पुढच्या सहा वर्षांत मोटरसायकलची चोरी जवळपास दोन तृतीयांशांनी घटली. कारण साधं: चोर हेल्मेट बरोबर घेऊन हिंडत नाही, आणि त्याच्याशिवाय गाडी पळवली तर पहिल्या चौकात अडवला जातो. त्या प्रमाणात मोटारींची चोरी वाढली का? नाही. ‘चोर तो चोरच, एक दार बंद केलं तर दुसरं उघडेल’ असं आपण सहज म्हणतो. त्याला इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच मिळतं, आणि तेही चोरी डोक्यात न ठेवता केलेल्या नियमातून.

आता ‘गुन्हेगारांची कड घेतात’. गुन्हा का घडला हे विचारलं की माफी मागितली असं काहींना वाटतं. डॉक्टर ताप का आला हे विचारतो, तेव्हा आपण त्याला तापाचा वकील म्हणत नाही. शिक्षेच्या जरबेबद्दल इटालियन विचारवंत बेकारिया यांनी 1764 मध्येच लिहून ठेवलंय की ती किती कठोर आहे यापेक्षा ती नक्की होणार का, याला महत्त्व आहे. नंतरचं संशोधनही साधारण त्याच बाजूला झुकतं. यात गुन्हेगाराचा लाड कुठे आला? पकडले जाण्याची खात्री वाढवा, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि निर्दोषांचं काय? अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या पहिल्या 250 जणांच्या खटल्यांचा अभ्यास झालाय. त्यातल्या 190 प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीने चुकीच्या माणसाला ओळखलं होतं. ते खोटं बोलत होते असं नाही, बहुतेकांना मनापासून खात्री होती. 1974 च्या एका प्रयोगात लोकांना मोटारींच्या टकरीची तीच फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद होतं, त्यांनी सरासरी ताशी 41 मैलांच्या आसपास सांगितला. ‘धडकल्या’ म्हटलं, त्यांनी 34. एका शब्दाने सात मैल! जबाब घेणाऱ्याला हे ठाऊक असावं, असं म्हणणं गुन्हेगाराची कड नव्हे. चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेरच असतो.

नोकरीच्या मुद्द्यात मेसेज अर्धा खरा आहे, तो मान्य करतो. ही पदवी घेऊन कुणी डिटेक्टिव्ह होत नाही. फॉरेन्सिक प्रयोगशाळेत जायचं असेल तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घ्या, इथे येऊ नका. माहितीपत्रकावर भिंग आणि बोटांचे ठसे छापणारे विभाग मुलांची दिशाभूल करतात, त्यांच्यावर माझाही राग आहे. इथून मुलं जातात ती प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणं), सुधारगृहं, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, बँकांचे फसवणूक-तपास विभाग, गुन्ह्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण अशा कामांत. झगमगाट नाही, काम आहे.

तेव्हा कुणी प्रवेशाबद्दल विचारलं तर मी एवढंच सांगतो: अभ्यासक्रम मागवा आणि त्यात संख्याशास्त्राचा आणि संशोधन पद्धतीचा पेपर शोधा. सापडला तर जा. नाही सापडला, नुसतेच गाजलेले खटले आणि खुन्यांची मानसिकता असेल, तर त्या विभागापुरता तो मेसेज खुशाल फॉरवर्ड करा.