चव बघा म्हणे, कोमट सोड्याची!

क्राफ्ट सोडा, म्हणजे थोड्या थोड्या प्रमाणात बनवलेला खास चवींचा सोडा. त्याच्या दुकानात दर वेळी तेच. फळीवर काकडी, लव्हेंडर, मिरची, धुरकट व्हॅनिला. नावं वाचूनच जीभ खवळते. आणि चाखायला काय? कधीतरी उघडलेल्या बाटलीतला कोमट, मेलेला सोडा, तोही घोटभर! अहो, कार्बन डायऑक्साइड गार पाण्यातच नीट विरघळून राहतो. बाटली तापली, झाकण सैल राहिलं की वायू पसार. थंडीने दबलेला गोडवा मग वर येतो आणि उरतो निव्वळ पाक. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ साली पाण्यात बुडबुडे भरून दाखवले. या दुकानदारांना ते संध्याकाळपर्यंत टिकवता येईनात! वर हसून विचारणार, "कसा वाटला?" कपाळ वाटला! (लेबलं मात्र देखणी असतात, हे कबूल.) नवीन बाटली फोडा म्हटलं की चेहरा असा करतात, जणू तिजोरीच उघडायला सांगितली.