खोली दहा बाय दहाची असली तरी सेवा घरीच होते

‘मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा होऊच शकत नाही. सरकारनं घरोघर माणसं पाठवण्यापेक्षा वॉर्डावॉर्डात वृद्धाश्रम बांधावेत. घरच्यांना मदत दिली तर ते हात झटकतील.’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो चुकीचा आहे.

आधी जागेचं. रुग्णाचा पलंग साडेसहा बाय तीन फुटांचा. तो भिंतीला लावला तरी एका बाजूला उभं राहण्यापुरती जागा उरते. चाळीत संडास बाहेर असेल तर कमोडची खुर्ची हवी. या दोन्ही वस्तू वॉर्डातून परतीच्या बोलीवर देता येतील. खरं घोडं अडतं ते कूस बदलण्यावर. साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ते राहिलं की माकडहाडावर लाल डाग येतो. बोटानं दाबूनही तो फिका पडला नाही, तर दाबानं होणारी जखम (बेडसोर) सुरू झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हातानंच चाचपायचं: तेवढी जागा गरम किंवा टणक लागते. अशा वेळी लोक हवेची गोल रिंग आणतात. ती आणू नका, तिची कड भोवतीचा रक्तपुरवठा दाबते. पाठीमागे उशी लावून तीस अंश कलतं झोपवा आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढू नका, आडव्या चादरीसकट दोघांनी उचला. हे दुसरे दोन हातच बहुतेक घरांत नसतात. सकाळ-संध्याकाळ तासभर येणारी, रुग्णसेवा शिकलेली मावशी (मदतनीस) आणि आठवड्याला एकदा नर्स, सरकारी पैसा लागायला हवा तो इथे.

वृद्धाश्रमांचं म्हणाल, तर पालक व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्यागणिक निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी, अशी तरतूद आहे. मुंबईत जिल्हे दोन, म्हणजे त्या हिशेबानं निदान दोनच आश्रम, वॉर्डावॉर्डात नव्हे. शिवाय अनेक आश्रम ‘स्वतःचं स्वतः करणारे’ हीच अट घालतात. आणि कूस बदलायला तिथेही माणूसच लागतो, इमारत बांधून तो मिळत नाही. ज्यांचं कुणीच नाही, त्यांना मात्र आश्रम हवाच.

‘हात झटकतील’ ही भीती निराधार आहे. जर्मनीत १९९५ पासून सेवाविम्यातून (दीर्घकाळ सेवा लागणाऱ्यांसाठीच्या विम्यातून) रोख किंवा सेवा, हवं ते घेता येतं. रोख घेणाऱ्यांकडे ठरावीक काळानं तज्ज्ञ घरी येऊन पाहणी करतात, आणि बहुतेक लाभार्थी घरीच राहतात. केरळनं २००८ मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) धोरण आणलं. तिथे नर्सच्या गृहभेटींचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्था उचलतात.

आपल्याकडे सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत ५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. रोजच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही. मग कूस बदलायची राहते, जखम हाडापर्यंत जाते आणि दाखल करावंच लागतं.

महापालिकेच्या आरोग्य सेविका आजही वस्त्यांतून घरोघर जातात. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी त्यांच्याकडूनच सुरू करता येईल.