कूलर, छोटा राउटर आणि मध्येच तुटणारं गाणं: तुमच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही दिलेला एक तारा पाहिला आणि त्याखालचं सगळं नीट वाचलं. जानेवारीत तुम्ही आमच्या नागपुरातल्या बर्डीच्या दुकानातून वापरलेला एअरपोर्ट एक्सप्रेस, म्हणजे ॲपलचा छोटा वायफाय राउटर, नेला. घरचा जुना ॲम्प्लिफायर त्याला जोडून आयफोनवरची गाणी हॉलमध्ये ऐकायची होती. आता तुमचं म्हणणं असं: गाणं मध्येमध्ये तुटतं, संध्याकाळी जास्तच. कधी फोनमध्ये स्पीकरचं नावच दिसत नाही. वरच्या खोलीत वायफाय पोचत नाही. दोनशे मेगाबिटच्या प्लॅनवर नव्वदच स्पीड आला. कंपनीनं बंद केलेला माल आम्ही चांगला म्हणून दिला, आणि घरी आलेल्या आमच्या दुकानातल्या मुलानं वरून महागडा मेश सेट (घरभर वायफाय पसरवणारे जोडराउटर) सुचवला. "यापेक्षा पाचशेचा ब्लूटूथ घेतला असता" हे तुमचं शेवटचं वाक्य, आणि मागणी पूर्ण पैसे परत करण्याची.

उत्तर जरा लांबेल. एप्रिल-मे आला की हीच अडचण घेऊन दुकानात बरीच मंडळी येतात, त्यांच्याही हे कामी यावं.

पहिलं गाण्याचंच बघू, कारण वस्तू तुम्ही त्यासाठीच घेतली.

तुम्हीच लिहिलं आहे की होळीपर्यंत सगळं मस्त चालत होतं. काका, माझ्या मते उत्तर तिथेच आहे. एक्सप्रेस तोच, फोन तोच, फायबरवाल्यांचा राउटरही तोच. होळीनंतर घरात नवीन आला तो कूलर. तुम्ही टाकलेल्या फोटोत तो दिसतो: खिडकीशी उभा केलेला पत्र्याचा मोठा कूलर आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीला ठोकलेला राउटर. फायबरची तार खिडकीतून आत आली म्हणून राउटर तिथे लागला असणार. हिवाळ्यात त्या जागेचा काही त्रास नव्हता. आता मात्र राउटर आणि तुमचा ॲम्प्लिफायर यांच्या मधोमध पत्रा आहे, भरलेली टाकी आहे आणि तिन्ही बाजूंनी ओलं गवत आहे. वायफायच्या लहरी पत्र्यावर आपटून मागे फिरतात आणि पाण्यात बऱ्याच अंशी जिरतात. राउटर लपवायला याहून वाईट जागा घरात सापडणार नाही.

त्यात तुमच्या जोडणीत गाणं हवेतून दोनदा जातं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आधी फोनपासून राउटरपर्यंत, मग राउटरपासून एक्सप्रेसपर्यंत. तिथून पुढे ॲम्प्लिफायरपर्यंत तार आहे. सोफ्यावर बसून तुम्ही गाणं लावता तेव्हा ते कूलर ओलांडून कोपऱ्यात जातं आणि पुन्हा तोच कूलर ओलांडून परत येतं.

"यूट्यूब तर अडकत नाही, गाणंच कसं तुटतं?" असंही तुम्ही विचारलं आहे. व्हिडिओ पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे मधली अडचण आपल्याला जाणवत नाही. एअरप्लेनं, म्हणजे वायफायवरून गाणं पाठवण्याच्या ॲपलच्या सोयीनं, फोनवरून पाठवलेल्या गाण्याचा एक्सप्रेसजवळ बहुधा काही सेकंदांचाच साठा असतो. वाट त्याहून जास्त वेळ अडली की गाण्यात खड्डा पडतो. याचा प्लॅनच्या वेगाशी संबंध नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट, दोन्ही चॅनल मिळून सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट घेतं. एअरप्ले ते दर्जा न घालवता आणखी लहान करून पाठवतं. म्हणून दोनशेचा प्लॅन पाचशेचा केलात तरी गाणं तुटायचं थांबणार नाही, त्यावर पैसे घालू नका. गाण्याला कमी वेग पुरतो, पण तो सलग लागतो.

संध्याकाळी त्रास वाढतो याचं कारण शेजार. तुमच्या स्कीममध्ये प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर आहे आणि त्यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. आठनंतर सगळे घरी येतात, टीव्ही लागतात, मुलं मोबाइलवर बसतात आणि या तीन चॅनलवर गर्दी होते. कूलरमुळे आधीच क्षीण झालेला तुमचा सिग्नल त्या गर्दीत मागे पडतो. ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतं आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा. तुमच्याकडचा एक्सप्रेस २०१२ चा आहे, तो ५ गिगाहर्ट्झवरही चालतो. तिथे गर्दी बरीच कमी असते. पण त्या लहरी भिंतीतून कमी जातात, म्हणून राउटर आणि एक्सप्रेस एकाच खोलीत, मध्ये काही अडथळा नसेल तरच त्याचा उपयोग.

उपाय साधा आहे. राउटर त्या कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर लावायचा. फायबरची तार तेवढी लांब नसेल तर फायबरवाल्यांकडून वाढवून घ्या, ती आपण कापायची नाही. नाहीतर राउटरपासून एक्सप्रेसपर्यंत लॅनची (नेटवर्कची) तार टाकायची, म्हणजे हवेतल्या दोन फेऱ्यांपैकी एक कायमची संपते. माझी पसंती तारेलाच. भिंतीच्या कडेनं गेलेली तार दिसायला बरी नाही, हे काकूंचं म्हणणं मला मुलानं सांगितलं. पट्टीतून नेली तर फारशी दिसत नाही, आणि पावसाळा असो की उन्हाळा, तिच्यावरून जाणारं गाणं तुटत नाही.

एक्सप्रेसवरचा पिवळा दिवा लुकलुकतो याकडेही बघायला हवं. हिरवा म्हणजे ठीक, लुकलुकणारा पिवळा म्हणजे जोडणी मिळत नाही किंवा काहीतरी लक्ष मागतंय. तुमच्याकडे तो दुपारीही दिसतो. हे उपकरण ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं आहे. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेले आहेत, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या तापलेल्या नऊ दिवसांत, बंद खोलीतही पस्तीस सहज ओलांडले जातात. एक्सप्रेसचा वीजपुरवठा त्याच्या डबीतच आहे, बाहेर वेगळा अडॅप्टर नाही, त्यामुळे तो मुळातच थोडा गरम राहतो. फोटोत तो ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ठेवलेला आहे आणि ॲम्प्लिफायर स्वतः तापतो. त्याला तिथून उतरवून मोकळ्या लाकडी फळीवर ठेवा. लाइन जाऊन आल्यावर काही वेळ पिवळा दिवा दिसला तर काळजी नको, राउटर पूर्ण सुरू होईपर्यंत एक्सप्रेस वाट पाहतो. राउटरसाठी मिळणारा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मात्र याला चालत नाही, याला घरच्या इन्व्हर्टरवरच घ्यावं लागतं.

आता फोनमध्ये नाव न दिसण्याबद्दल. तुमच्या राउटरवर वायफायची दोन नावं आहेत, एक घरचं आणि एक पाहुण्यांसाठीचं. एक्सप्रेस घरच्या नावावर आहे. फोन पाहुण्यांच्या नावावर गेला की इंटरनेट चालतं, पण स्पीकर दिसत नाही. एक्सप्रेस आपलं नाव फक्त आपल्याच नेटवर्कमध्ये पुकारतो. वाड्यात मारलेली हाक पलीकडच्या वाड्यात पोचत नाही, तसंच हे. फोनमधून पाहुण्यांचं नाव "विसरा" करून टाका, प्रश्न मिटेल. काकूंच्या अँड्रॉइड फोनवर एअरप्ले मुळात येतच नाही. काही ॲप ते जमवतात, पण त्यांचा भरवसा मी देणार नाही, आणि विकतानाही दिला नव्हता.

नव्वदचा स्पीड: एक्सप्रेसची लॅनची भोकं शंभर मेगाबिटची आहेत. मुलानं वरच्या मजल्यावर एक्सप्रेसमधून तार लावून लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा नव्वदच्या आसपास येणं बरोबरच होतं.

बंद झालेला माल, हा तुमचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. ॲपलनं एअरपोर्टचे राउटर बंद करत असल्याचं एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं, हे खरं आहे. आमच्या पावतीवर "वापरलेला" हा शब्द आहे आणि दुकानात मी तुम्हाला बोललोही होतो की याला घरचा मुख्य राउटर करू नका, नवे अपडेट येत नाहीत, फायबरवाल्यांच्या राउटरमागेच ठेवा. तरी मी तो विकतो आणि पुढेही विकेन. बंद केल्यानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये, ॲपलनंच या २०१२ च्या मॉडेलला एअरप्ले २ दिलं. म्हणजे दोन खोल्यांत दोन एक्सप्रेस लावले तर एकच गाणं दोन्हीकडे एका तालात वाजतं. आणि त्याला ३.५ मिलिमीटरचं ऑडिओचं भोक आहे, ज्यातून साधी तारही निघते आणि ऑप्टिकलही (प्रकाशातून आवाज नेणारी). इतक्या लहान राउटरमध्ये हे क्वचितच मिळतं.

धंतोलीत, महालात, रामदासपेठेत किती घरांमध्ये उत्तम ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर धूळ खात पडले आहेत, काका. कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, आणि चांगला आवाज देणारी वस्तू केवळ तिला गाणं पुरवणारं काही उरलं नाही म्हणून कोपऱ्यात गेली. असा ॲम्प्लिफायर पुन्हा वाजायला लागतो तेव्हा घरातल्या माणसांना होणारा आनंद मी पाहिला आहे. तो मला मोठा वाटतो, म्हणून हा माल मी शोधून आणतो, तपासतो आणि मगच ठेवतो.

ब्लूटूथचं म्हणाल तर एकाच खोलीत, फोन जवळ ठेवून ऐकणाऱ्याला पाचशेचा रिसीव्हर पुरतो. असं मी कितीतरी गिऱ्हाइकांना सांगतो आणि तोच देतो. तुम्ही मात्र म्हणाला होता की फोन खिशात घेऊन तुम्ही घरभर, कधी अंगणात फिरता आणि फोन आला की गाण्यात त्याचा आवाज नको. साध्या ब्लूटूथची धाव साधारण दहा मीटरची, त्यात मध्ये भिंती. म्हणून वायफायवरचा पर्याय दिला.

मेश सेट मुलानं सुचवला तो वरच्या खोलीसाठी, गाण्यासाठी नाही. दोन वेगळी दुखणी आहेत. मधल्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आहेत, खालचा सिग्नल वर कमीच जाणार. एक्सप्रेस हवेतून वायफाय वाढवू शकतो, पण फक्त आपल्याच जातीच्या राउटरचं. दुसऱ्या कंपनीच्या राउटरचं वाढवत नाही. जिन्यातून कॅट-६ (नेटवर्कची) तार वर नेली तर एखादा साधा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरून आलेलं नेट वायफायनं देणारी डबी, तेच नाव, तोच पासवर्ड देऊन वर चालेल. तो "ब्रिज" मोडमध्ये ठेवायचा, म्हणजे घरात दोन नेटवर्क होत नाहीत. मेशच्या एक चतुर्थांश खर्चात काम होतं. तुमच्या जागी मी हेच करीन.

पैसे परत करण्याबद्दल. मुलगा येऊन राउटरची जागा बदलेल, किंवा तुमची हरकत नसेल तर तार टाकेल. मजुरी घेणार नाही, तार आणि पट्टी खरेदीच्या भावात. त्यानंतर आठ दिवस कूलर चालू ठेवूनच गाणी ऐका. तरी गाणं तुटलं तर एक्सप्रेस परत आणा, भरलेली पूर्ण रक्कम मिळेल, वॉरंटीची मुदत संपली असली तरी. पावती हरवली असेल तर नोंद दुकानात आहे. तुमचा नंबर किंवा पत्ता इथे लिहू नका, दुकानाच्या नंबरवर कळवा. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ सांगा, भर दुपारी या उन्हात मी मुलांना तार ओढायला पाठवत नाही.