डेंग्यू, प्लेटलेट्स आणि झिरपणाऱ्या शिरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया वाचली, राग वगैरे अजिबात नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की डेंग्यूत जीवाला धोका प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होण्यापेक्षा रक्तवाहिन्यांच्या गळतीचा जास्त असं मी लिहिलं ते तुम्हाला पटलं नाही, मेहुण्याच्या प्लेटलेट्स १८,००० वर आल्या तेव्हा घरात कोणाला झोप नव्हती, वाहिनी गळली तर रक्तच बाहेर यायला हवं, आणि हे हिस्टामिनमुळेच (ॲलर्जीत अंगात सुटणारं रसायन) होतं तर सेट्रिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, देऊन विषय का संपत नाही.

आधी गळती. नळ फुटला की सगळंच बाहेर येतं, इथे तसं नसतं. केशवाहिन्यांच्या लगेच पुढे ज्या बारीक शिरा असतात त्यांना आतून चपट्या पेशींचा एकच थर असतो आणि शेजारच्या दोन पेशी व्हीई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनने एकमेकींना धरून असतात. हिस्टामिन येऊन चिकटलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, आतले ॲक्टिन-मायोसिनचे धागे आखडतात, पेशी आक्रसते आणि मध्ये फट पडते. १९६१ मध्ये मायनो आणि पलाडे यांनी उंदराच्या शिरांमधल्या या फटी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवल्या. व्हीईजीएफ नावाच्या सिग्नलची तऱ्हा वेगळी, तो पेशीला कॅडहेरिनच पृष्ठभागावरून आत ओढून घ्यायला लावतो, म्हणजे धरलेला हातच सुटतो. फटीतून पाणी आणि अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रोटीन जातं, लाल पेशी बहुतेक आतच राहतात, म्हणून रक्त घट्ट होतं आणि सीबीसीत (रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत) पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतं. गेलेलं पाणी फुफ्फुसाभोवती नाहीतर पोटात साठतं, सोनोग्राफीत दिसतं ते हेच.

आता सेट्रिझिन. ते हिस्टामिनचा फक्त एक रिसेप्टर (पेशीवरची चिकटायची जागा) अडवतं, अंगावर पित्त उठलं तर तेवढ्याने काम होतं. डेंग्यूत एकटं हिस्टामिन नसतं हो, व्हीईजीएफ, टीएनएफ, अँजिओपोएटिन-२ अशी सिग्नलची सगळी मंडळी एकदम कामाला लागतात आणि वर व्हायरसचं स्वतःचं एनएस१ प्रोटीन. तेच, ज्याची टेस्ट आपण तापाच्या पहिल्या दिवसांत करतो. ते एकटंसुद्धा हा थर सैल करू शकतं असं २०१५ मध्ये प्रयोगांत दिसलं.

प्लेटलेट्सचा संबंधच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. अँजिओपोएटिन-१ आणि एस१पी हे दोन सिग्नल पेशींचे जोड घट्ट ठेवतात आणि त्यांचा साठा प्लेटलेट्समध्येही असतो, त्यामुळे प्लेटलेट्स धडाधड उतरतात तेव्हा या बाजूनेही नजर ठेवावी लागते. पण म्हणून प्लेटलेट्सच्या बाटल्या चढवून गळती थांबते असं नाही. सिंगापूर-मलेशियात ३७२ प्रौढ पेशंटवर झालेल्या ट्रायलमध्ये (२०१७, लॅन्सेट) २०,००० किंवा त्याखाली प्लेटलेट्स असलेल्यांना रक्तस्राव नसताना बाहेरून प्लेटलेट्स दिल्या, रक्तस्राव काही कमी झाला नाही, उलट दुष्परिणाम जास्त दिसले. तरी आपल्याकडे नातेवाईक रात्री-अपरात्री डोनर शोधत पळतात आणि पीसीव्ही किती आहे हे कोणी विचारत नाही, माझी चिडचिड तिथे होते.

आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, गळती साधारण तेव्हाच सुरू होते आणि २४ ते ४८ तास चालते. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. सिग्नल ओसरले की कॅडहेरिन परत जागेवर येतं, फटी बुजतात, साठलेलं पाणी रक्तात परत शिरतं, आणि नेमकं तेव्हाही सलाईन जोरात चालू राहिलं तर पेशंटला धाप लागते. सलाईन कधी वाढवायचं कधी बंद करायचं यावर डॉक्टर एवढे घासाघीस का करतात ते यावरून कळेल.

नावं फेकून फायदा काय म्हणालात, तर डायबेटिसमुळे पडद्याला सूज आली की डोळ्यात जे इंजेक्शन देतात ते याच व्हीईजीएफला अडवायला असतं. मेहुण्यांची फाईल सापडली तर ताप उतरला त्या दिवशीचं पीसीव्ही आणि आधीचं पीसीव्ही शेजारी ठेवून बघा, २० टक्क्यांनी चढलेलं असेल तर डॉक्टरांचा चेहरा नुसत्या १८,००० मुळे उतरला नव्हता.